बर्फ केव्हाच गेला, जमीन अजून उठतेय

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलाकडे फिनलंडमध्ये वासा शहरात महिनाभर राहून आलो. तिथल्या एका जुन्या बंदरावर गाइडने सांगितलं, की हिमयुगातला बर्फ वितळला म्हणून इथली जमीन दरवर्षी जवळजवळ एक सेंटिमीटर वर येते आणि समुद्र मागे हटतो. आम्ही रत्नागिरीचे. बर्फ वितळला की समुद्र वाढतो, एवढंच आजवर ऐकलेलं. मग तिथे उलटं कसं? आणि दहा हजार वर्षांपूर्वी गेलेल्या बर्फाचा परिणाम अजून कसा चालू? मुलगा तिथे किनाऱ्यालगत घर बघतोय, म्हणून जरा जास्तच चौकशी."

गाइडचं बरोबर आहे आणि तुम्ही ऐकलेलंही बरोबर आहे. दोन्ही एकाच बर्फाचे परिणाम आहेत, फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर कुठला दिसेल ते ठरतं.

मी आयुष्यभर जमिनीची उंची मोजत आलो, आधी लेव्हलिंगची पट्टी घेऊन, नंतर जीपीएसने. शिकाऊ असताना उत्तर बाल्टिकमधल्या एका बंदराच्या भरतीमापकाची जुनी आकडेवारी माझ्या हातात आली. दर वर्षी पाणी खाली. मी आलेख काढला, रेघ ओढली आणि खाली ऐटीत लिहिलं, "समुद्राची पातळी घटते आहे." सरांनी कागद परत पाठवला तेव्हा त्यावर पेन्सिलने दोनच शब्द होते: "कशावरून समुद्र?" भरतीमापक जमिनीत रोवलेला असतो. पाणी उतरलं काय आणि जमीन चढली काय, त्याला दोन्ही सारखंच दिसतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दोन शब्दांत आहे.

आता बर्फाकडे. साधारण २०,००० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हिया आणि फिनलंड बर्फाच्या एका अखंड थराखाली होते. मधोमध, म्हणजे आज जिथे स्वीडन आणि फिनलंडच्या मधलं बॉथनियाचं आखात आहे त्या भागात, त्याची जाडी तीन किलोमीटरच्या घरात होती. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवा, जवळपास तेवढी. असाच, याहून मोठा थर कॅनडावर होता. एवढं पाणी जमिनीवर गोठून बसल्यामुळे जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता.

या वजनाखाली जमीन किती दबेल, ते पाटीवर काढता येतं. बर्फाचं वजन घनमीटरला सुमारे ९१७ किलो. भूकवचाच्या खाली जे प्रावरण आहे त्यातल्या खडकाचं सुमारे ३,३०० किलो. बर्फाने स्वतःच्या वजनाइतका खडक बाजूला सारला तर हिशेब जुळतो. तीन किलोमीटर बर्फासाठी हे उत्तर ८०० मीटरच्या वर येतं, पुरेसा वेळ मिळाला तर. होडीत माणसं बसली की होडी जशी खाली जाते, तसंच.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज आड येतो. "खाली लाव्हाच आहे ना, मग त्यावर जमीन तरंगणारच." तसं नाही. प्रावरण घट्ट खडकाचं आहे. भूकंपाच्या ज्या लाटा द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या त्यातून आरपार जातात. पण हाच खडक प्रचंड तापलेला असल्यामुळे हजारो वर्षं दाब राहिला की सरकतो. किती सावकाश? ही गोष्ट पहिल्यांदा नीट आकड्यात मांडली नॉर्मन हॅस्केलने, १९३५ साली, आणि तीही स्कँडिनेव्हियाच्या उचललेल्या किनाऱ्यांवरूनच. मधाचा दाटपणा आमच्या एककात साधारण १० धरला, तर प्रावरणाचा आकडा एकावर एकवीस शून्यं इतका येतो. काकवीच्या बरणीत बुडवलेला चमचा काढला की खड्डा भरायला काही क्षण लागतात. इथे भरायला हजारो वर्षं लागतात. म्हणून बर्फ गेला तरी काम संपलेलं नाही. बर्फाच्या गणितात दहा हजार वर्षं पुष्कळ झाली, खडकाच्या गणितात ती कालपरवाची गोष्ट आहे.

वासाच्या समोर, आखाताच्या स्वीडिश काठावर, "होगा कुस्तेन" म्हणजे उंच किनारा नावाचा प्रदेश आहे. मुलाकडे पुन्हा जाल तेव्हा जरूर बघा. तिथल्या डोंगरांच्या डोक्यावर गर्द झाडीची टोपी आणि खाली उघडा, धुतलेला खडक दिसतो. टोपीची कड म्हणजे बर्फ सरकला त्या दिवसाचा समुद्रकिनारा. त्या रेषेच्या वरची माती कधी लाटांनी धुतलीच नाही, म्हणून तिथे झाडं. खालची सगळी धुऊन गेली. ही रेषा आजच्या समुद्राच्या सुमारे २८५ मीटर वर आहे, जगातली अशी सर्वांत उंच. स्कुलेबेर्गेट नावाचा डोंगर, ज्यावर आज लोक पोलादी दोर धरून चढतात, त्याचा फक्त माथा तेव्हा पाण्याबाहेर होता.

तिथला बर्फ जाऊन साधारण साडेदहा हजार वर्षं झाली. २८५ मीटरना त्याने भागलं तर वर्षाला २७ मिलिमीटर पडतात. आज मोजलं तर आठच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला जमीन भराभर उठली आणि आता दमत आली आहे. शिवाय जमीन प्रत्यक्षात या २८५ मीटरहूनही जास्त उठली, कारण याच काळात बाकीचा बर्फ वितळून समुद्र स्वतःही वर येत होता. जमिनीने त्याला गाठून मागे टाकलं, त्यानंतर उरलेला हा फरक आहे. आणि बर्फ पातळ होत असताना, तो पुरता जाण्याआधी, जमीन जेवढी उठली त्याची खूण कुठल्याच किनाऱ्यावर नाही.

हे सगळं लोकांच्या लक्षात कसं आलं, त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिची सुरुवात सीलपासून होते. बॉथनियाच्या आखातात पाण्याला जेमतेम टेकलेले काही खडक असत. त्यांवर सील येऊन पहुडत आणि शिकारी त्यांना तिथे गाठत. असा खडक म्हणजे उत्पन्न. त्याची खरेदीविक्री होई, त्यावर कर बसे, कागदोपत्री नोंद होई. पण दोनतीन पिढ्यांत खडक इतका वर येई, की सीलला त्यावर चढताच येत नसे, आणि उत्पन्न बंद. आंदेर्श सेल्सियसने, हो, तोच तापमापकवाला, हे जुने कागद हुडकले आणि त्यावरून पाणी किती उतरलं याचा हिशेब मांडला. शंभर वर्षांत एक मीटरहून जास्त, असं त्याचं उत्तर आलं. १७३१ साली त्याने येव्हले शहराजवळच्या लॉव्हग्रुंड बेटावर एका खडकात पाण्याच्या पातळीला खूण कोरवून घेतली. ती खूण आज पाण्याच्या सुमारे दोन मीटर वर आहे.

त्याचा आकडा थोडा फुगलेला होता, पण खरी चूक दुसरीच. माझीच चूक, माझ्या आधी अडीचशे वर्षं: पाणी घटतंय असं त्याने मानलं. त्यावरून मोठं वादळ उठलं, कारण हे बायबलमधल्या सृष्टीच्या हिशेबात बसत नव्हतं. तुर्कूच्या बिशप ब्रोवालियसने १७५५ मध्ये त्याच्याविरुद्ध पुस्तकच लिहिलं. पण धर्मशास्त्र बाजूला ठेवलं तरी एक साधी अडचण होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन प्लेफेअरने दाखवली. समुद्र सगळा एकच आहे. पाणी उतरायचं तर ते सगळीकडे उतरेल, एकट्या उत्तर बाल्टिकमध्ये कसं उतरेल? म्हणजे हलतेय ती जमीन. १८३४ मध्ये चार्ल्स लायेल मनात शंका घेऊनच स्वीडनला गेला, सेल्सियसच्या खडकापाशी उभा राहिला, आणि पटल्यावर शेजारी नवी खूण करवून परतला.

पण जमीन उठते कशामुळे? बर्फाच्या वजनाने ती दबली होती, हे थॉमस जेमीसनने १८६५ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरून सुचवलं. या कल्पनेला आधार देणारं एक महत्त्वाचं काम दहा वर्षं आधी आपल्याकडे झालं होतं. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात उत्तरेतलं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन पद्धतींनी, जमिनीवर मोजून आणि ताऱ्यांवरून, काढलं, तर कोनाच्या मापात ५.२३६ सेकंदांचा फरक आला (असा एक सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). जमिनीवर धरला तर जेमतेम १६० मीटर. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो म्हणून हा फरक, हे उघड होतं. पण कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ अधिकारी, जॉन प्रॅट यांनी हिमालयाचं वजन धरून गणित केलं, तर फरक सुमारे १६ सेकंदांचा यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही! १८५५ मध्ये जॉर्ज एअरीने त्यावर उत्तर दिलं, की डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली आहेत आणि डोंगर त्यांवर तरंगतो. तरंगणारी वस्तू ओझं ठेवलं की बुडते आणि काढलं की वर येते. स्कँडिनेव्हियाच्या कोड्याची एक किल्ली अशी गंगेच्या मैदानात सापडली.

आता वासाकडे. शहराची स्थापना १६०६ ची. बंदराचं गाव होतं, पण बंदर उथळ होत गेलं. १८५२ मध्ये आगीत शहर जळालं, तेव्हा लोकांनी जुन्या जागी न बांधता सहासात किलोमीटर समुद्राच्या दिशेने सरकून १८६२ पासून नवं वासा वसवलं. स्वीडनमध्ये लुलिओ शहरावर हीच वेळ त्याआधी दोनशे वर्षं आली. १६४९ मध्ये ते बंदरासकट हललं, आणि जुनं चर्च नि भोवतालची लाकडी घरं मागे राहिली. समुद्र गावं गिळतो असं आपण म्हणतो. तिथे समुद्र गाव टाकून जातो.

तुम्ही बहुधा वासाजवळच्या स्वेदयेहाम्न या जुन्या बंदरावर गेला असाल. समोरचा सगळा उथळ पट्टा म्हणजे क्वार्कन द्वीपसमूह, ५,६०० च्या आसपास लहानमोठी बेटं. होगा कुस्तेनच्या जोडीने त्याला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या भागात दरवर्षी साधारण एक चौरस किलोमीटर नवी जमीन पाण्याबाहेर येते. आधी खडकाची टोकं दिसतात, मग त्यांच्यामध्ये गवत, मग अल्डरची झुडपं, आणि आजोबांनी जिथे जाळी टाकली तिथे नातू गुरं चारतो. हा वेग टिकला तर दोन-अडीच हजार वर्षांत वासापासून स्वीडनपर्यंत जमिनीचा पूल तयार होईल आणि आखाताचा उत्तरेकडचा भाग तळं बनेल. वाढत्या समुद्राने त्यात किती खोडा घातला, त्यावर मुदत मागेपुढे होईल.

पण तुमच्या रत्नागिरीच्या शंकेचं काय? थोडं आडवळण घेऊन सांगतो. कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबा. अंगठ्याखाली खळगा पडतो आणि भोवतीची कणीक कडेने फुगते. बर्फाखालून सरकलेला खडकही असाच थराच्या बाहेरच्या बाजूला जमून तिथली जमीन वर उचलून धरतो. बर्फ गेला की खळगा भरायला तोच खडक परत येतो, आणि कडेचा फुगवटा बसत जातो. म्हणून एकाच बर्फामुळे कॅनडातल्या हडसनच्या उपसागराभोवती जमीन वर्षाला सेंटिमीटरभर चढतेय, आणि हजारहून जास्त किलोमीटर दक्षिणेला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ती खाली बसतेय. चेसापीक उपसागरात समुद्राची वाढ जगाच्या सरासरीपेक्षा जास्त भरते, त्याला हे एक मोठं कारण आहे. तिथे हॉलंड आयलंड नावाचं बेट होतं. एके काळी तीनशेहून जास्त माणसं राहत. किनारा खचत गेला, लोक गेले, आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये शेवटचं उभं असलेलं घर पाण्यात कोसळलं. बेट मातीचं होतं आणि लाटांनीच कापलं, त्यामुळे सगळा दोष बर्फाच्या माथी मारता येत नाही, पण पायाखालची जमीनही बसत होती हे खरं.

उत्तर अमेरिकेतली उलटी गंमतही ऐका. १८४९ साली व्हरमाँट राज्यात शार्लट गावाजवळ रेल्वेमार्ग खणताना मजुरांना हाडं सापडली. निघाला तो बेलुगा, उत्तर ध्रुवाकडचा पांढरा देवमासा, तोही समुद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर आत. बर्फ मागे सरला तेव्हा जमीन अजून दबलेलीच होती, त्यामुळे समुद्र सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातून आत घुसला आणि दोनतीन हजार वर्षं तिथेच राहिला. मग जमीन उठली, पाणी निघून गेलं आणि हाडं राहिली.

बर्फापासून फार दूर, म्हणजे आपल्याकडे, उठणं-बसणं नगण्य. तिथे मुख्य पात्र पाणीच. मुंबई हायची तेलक्षेत्रं मुंबईपासून १६० किलोमीटर आत समुद्रात आहेत आणि तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. २०,००० वर्षांपूर्वी ती कोरडी जमीन होती. मुंबईतून चालत जाता आलं असतं, मुंबई असती तर. मग समुद्र चढत आला, साधारण सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक चढून झाला, आणि कोकणच्या नद्यांच्या खोल दऱ्यांत शिरून बसला. दाभोळ, जयगड, राजापूर या आपल्या खाड्या म्हणजे बुडालेली नदीमुखंच. कोकणात जमिनीच्या स्वतःच्या हालचालीही झालेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक उंच पुळण आणि प्रत्येक बुडालेलं खोड हिमयुगाच्या खात्यावर टाकू नये. पण खाड्यांत भरलेलं पाणी बऱ्याच अंशी कॅनडा आणि स्कँडिनेव्हियातून वितळून आलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुढच्या काळाची आहे. बर्फाचा एवढा मोठा ढिगारा समुद्राचं पाणी गुरुत्वाकर्षणाने स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ कमी होते आणि जवळचं पाणी दूर जातं. ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर ग्रीनलंडच्या आसपास समुद्र चक्क उतरतो, आणि आपल्यासारख्या दूरच्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडं जास्तच पाणी येतं. बर्फ एकाच्या अंगणातला आणि पाणी दुसऱ्याच्या दारात. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीची नोंद ठेवली जाते. वासाच्या मापकाशेजारी ती ठेवून बघितली, तर एकाच महासागराच्या या नोंदी आहेत यावर विश्वास बसत नाही.

जमीन उठताना भूकंप होतात का, हेही लोक विचारतात. आज तिथे होतात ते लहान. पण बर्फ जाण्याच्या सुमारास मोठे झाले. उत्तर स्वीडनमध्ये पार्व्हिए नावाचा दीडशे किलोमीटरहून लांब प्रस्तरभंग आहे. त्याच्या बाजूने जमीन काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत उचलली गेली आहे, आणि त्या धक्क्याची तीव्रता ८ च्या आसपास धरतात. लगेच कोयनेशी तुलना करायचा मोह होतो. ओझं चढलं काय, उतरलं काय, भूकंप होतोच! पण कोयनेत निव्वळ वजनापेक्षा भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबाला जास्त महत्त्व दिलं जातं, त्यामुळे ती तुलना फार ताणू नका.

आता मुलाच्या घराचं. जमीन वर्षाला नऊदहा मिलिमीटर चढते, समुद्र तीनचार चढतो, म्हणजे पाणी सहा मिलिमीटरच्या आसपास मागे. काठ खडकाळ आणि उभा असेल तर जन्मभर काही जाणवणार नाही. पण वासाकडचे काठ फार सपाट असतात. समजा दोनशे मीटर चाललं की एक मीटर चढ, असा उतार आहे. मग सहा मिलिमीटर म्हणजे वर्षाला १.२ मीटर किनारा दूर, तीस वर्षांत छत्तीस मीटर. घर बुडायची भीती नाही. होडीचा धक्का मात्र गवतात उभा राहील आणि गाळ उपसायचा खर्च दर काही वर्षांनी येईल.

आणि पुढे उघडी पडणारी जमीन आपोआप आपली, असं त्याने मुळीच धरू नये. फिनलंडमध्ये किनाऱ्यालगतचं पाणी बहुधा गावच्या वाटेकऱ्यांच्या सामाईक मालकीचं असतं, आपल्याकडच्या गावकीसारखं. त्या पाण्यातून वर आलेली जमीन पाण्याच्या मालकांची, किनारेवाल्याची नव्हे. किनारेवाल्याला ती मोबदला देऊन घेता येते, पण ती वेगळी प्रक्रिया. तेव्हा सातबाऱ्याच्या तिथल्या भावंडावर आजची हद्द नेमकी कुठे संपते, आणि हद्द नि पाणी यांच्या मध्ये आधीच एखादा पट्टा वर येऊन बसला आहे का, हे त्याला सही करण्याआधी बघायला सांगा. "समुद्राला लागून" असं जाहिरातीत लिहिलेल्या घराची हद्द १९५० सालच्या किनाऱ्यावर संपत असू शकते.

उताराचा अंदाज हवा असेल तर मुलाला शांत दिवशी काठावर जाऊन एक फोटो काढून पाठवायला सांगा, पाणी जिथे गुडघ्याएवढं होतं तिथे काठी रोवून. काठापासून काठीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल. बाकीचा हिशेब मी करून देतो.